दहा चाकीला डॅशकॅम लावायचाय. कुठला घ्यावा, काचेवर कुठं बसवावा?

शिरोलीकर_दहाचाकी
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला दोन गाड्या आहेत. एक दहा चाकी, शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग भरून चाकण-भोसरी करते. दुसरी सहा चाकी, इथल्याच गांधीनगरचा कापडाचा माल घेऊन बेळगाव-हुबळी लाईनला. दोन्हीवर ड्रायव्हर आहेत, मी स्वतः फारसा चालवत नाही.

मागच्या महिन्यात कराडच्या अलीकडं, सहापदरीच्या कामाच्या डायव्हर्शनला एक मोटरसायकल उलट्या बाजूनं आली आणि दहा चाकीच्या डाव्या कोपऱ्याला घासून पडली. पोराला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, हे नशीब. पण बघता बघता माणसं गोळा झाली, चावी काढून घेतली, आणि मोठी गाडी म्हणजे चूक तिचीच या न्यायानं ड्रायव्हरजवळचे डिझेलचे पैसे देऊन विषय मिटवावा लागला. मी इकडं फोनवर नुसता ओरडतोय. ड्रायव्हर खरं बोलतोय हे मला माहीत आहे, पण दाखवणार काय?

तर आता डॅशकॅम लावायचाच. बजेट गाडीमागं पाच-सहा हजार. दुकानात गेलो तर सगळे कारचेच दाखवायलेत. कारची काच तिरकी, ट्रकची उभी. तिथं हा बसणार कसा? करंट कुठनं घ्यायचा? आणि ड्रायव्हरकडं बघणारा आतला कॅमेरापण घ्यावा का? ज्यांनी खरंच ट्रकवर लावलाय त्यांनी सांगा, यूट्यूब मी बघितलंय.

चारचाकीवाला_पुणे
एवढा विचार कशाला? चांगला फोर-के घ्या, सिगारेट सॉकेटमध्ये चार्जर घाला, मधल्या आरशाच्या मागे चिकटवा. माझ्या गाडीवर दहा मिनिटांत बसवला होता.

उचगावचा_वायरमन
साहेब, दहा मिनिटांत चार्जर जाळायचा प्लॅन सांगितलासा. आणि ट्रकला मधला आरसा कुठला? मागं हौदा असतोय.

शिरोलीकर, नीट वाचा. ट्रक २४ व्होल्टचा. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. गाडी चालू असली की डायनॅमो २८ च्या आसपास देतो. कारचा स्वस्तातला चार्जर फक्त १२ व्होल्टचा असला तर त्याचा धूर निघणार. वर '१२-२४ व्होल्ट' असं छापलेलं असेल तरच घाला. कॅमेऱ्याला शेवटी ५ व्होल्टच लागतात, पण मधला डबा २४ झेलणारा पाहिजे.

दुसरं म्हणजे, गाण्यांचा टेप लावायला काही वायरिंगवाले दोनपैकी एकाच बॅटरीवरनं १२ व्होल्ट काढून देतात. चालतं तेव्हा झकास. पण एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होत जाते. मग दोन्ही लवकर जातात आणि मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतो. कॅमेऱ्यासाठी असलं अजिबात करून घेऊ नका. करंट केबिनमधल्या फ्यूज बॉक्सवरनं घ्या. चेसीवरच्या बॅटरीवरनं थेट वायर ओढायची तर केबिन टिल्ट होते हे ध्यानात ठेवा. वायर ताणलेली असली की पहिल्यांदा केबिन उचलताना तुटणार, नाहीतर बिजागरीत चेपणार.

हार्डवायर किट मिळतं, त्यात तीन वायरी. एक कायमच्या करंटची, एक चावीवरची, एक अर्थ. रंगावर विश्वास ठेवू नका. एका कंपनीत लाल कायमची असते, दुसऱ्या कंपनीत पिवळी. वायरीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा आणि मीटर लावून बघा. किटवर लो व्होल्टेज कट असतो, तो २४ च्या खुणेवर आहे का बघायचं. १२ वर राहिला तर बॅटरी झोपेपर्यंत कॅमेरा करंट ओढत बसेल आणि सकाळी सेल्फ लागणार नाही.

तांबडा_पांढरा
वायरमनदादा, डायनॅमोपेक्षा जास्त करंट पुण्याच्या पाहुण्यालाच बसला की.

चारचाकीवाला_पुणे
मान्य. मी कारपुरतंच बोलत होतो. पण फोर-के घ्या हे तरी बरोबर आहे ना?

गूळ_आणि_गाडी
तेही नको. फोर-केनं कार्ड लवकर भरतं, डबा जास्त तापतो, आणि एवढं करून रात्री नंबर दिसेलच असं नाही. टू-के किंवा साधा १०८० पुरे, फक्त सेन्सर अंधारात बरा चालणारा बघा.

आमची गाडी मार्केट यार्डातनं गूळ भरून गुजरातला जाते. मी मेगापिक्सेलच्या आधी बघतो ते आत बॅटरी आहे की कपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडा करंट साठवणारा पार्ट. मे महिन्यात काच बंद करून गाडी उन्हात उभी असली की काचेजवळ हात लावू देत नाही. लिथियमची बॅटरी तिथं फुगते, फुगली की कव्हर उसवून बाहेर येते. कपॅसिटरवाला कॅमेरा टिकतो. दुकानदाराला हे विचारा, त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा.

आता जागा. केबिनमध्ये बसून काचेवर पाणी मारा आणि वायपर चालू करा. जिथनं पातं फिरतंय त्या चंद्रकोरीच्या आतच कॅमेऱ्याची भिंग यायला पाहिजे. बऱ्याच ट्रकला वर मधोमध वायपर पोचतच नाही. वर लावला तर उन्हाळा-हिवाळा ठीक, पण जूनमध्ये गगनबावड्याच्या पलीकडं करूळ घाट उतरताना सगळं रेकॉर्डिंग म्हणजे नुसता पाण्याचा पडदा. शिवाय वर सनवायझर, गोंडे, लिंबू-मिरची, सगळा बाजार असतो. आमच्या गाडीत मधोमध, काचेच्या खालच्या तिसऱ्या भागात लावलाय. ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत येत नाही, फास्टॅगच्या आडवा येत नाही.

उभ्या काचेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. कारच्या कॅमेऱ्याचं बूड तिरक्या काचेसाठी कापलेलं असतं. उभ्या काचेला चिकटवलं की भिंग खाली बघते. घेताना दुकानातल्या भिंतीला लावून बघा, भिंग सरळ समोर फिरते का. नाही फिरली तर तो कॅमेरा ट्रकचा नाही, कितीही भारी असो.

तांबडा_पांढरा
भिंतीला चिकटवून बघतो म्हटल्यावर दुकानदार तुम्हालाच भिंतीला लावंल.

शिरोलीकर_दहाचाकी
@गूळ_आणि_गाडी हे बेस्ट सांगितलंत. रबरी कप चालतो का? काढता-घालता येतो म्हणून विचारतोय.

गूळ_आणि_गाडी
कप उन्हात सुटतो, थंडीत सुटतो, आणि निपाणीच्या पुढं तवंदी घाट उतरताना हमखास सुटून ड्रायव्हरच्या पायात पडतो. ब्रेकच्या पायाजवळ गोल वस्तू नको. थ्रीएमचा व्हीएचबी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप घ्या. काच आतनं आधी कापडानं, मग स्पिरीटनं पुसा. आतल्या बाजूला विडीचा आणि उदबत्तीचा थर असतो, तो दिसत नाही पण टेप त्याच्यावरच चिकटतो आणि त्याच्यासकट निघतो. दाबून लावा आणि कॅमेरा लगेच अडकवू नका, एक दिवस टेपला मुरू द्या.

अजून एक. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की पोरं झेंडूची माळ काचेवर आडवी बांधतात. माळ वाळून पडेपर्यंत आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळा हायवे झेंडूच्या पाकळ्यांतनं दिसतो. माळ खालनं बांधायला सांगा.

नुसता_ड्रायव्हर
मी गाडी चालवतो. मालक न्हाय. तुमचं सगळं वाचलं.

पुढचा कॅमेरा लावा, एक सोडून दोन लावा, आमची काय हरकत न्हाय. उलट आम्हालाच पायजे. रस्त्यावर मार आम्ही खातो, मालक फोनवर असतोय. शिरोलीकर, तुमच्या ड्रायव्हरच्या खिशातलं गेलं, ते तुम्ही त्याला परत दिलं का?

पण आतला कॅमेरा लावायच्या आधी इचार करा. केबिन म्हंजे आमचं घर हाय. तिथंच झोपायचं, तिथंच कापडं बदलायची, तिथंच घरच्यांशी फोनवर भांडायचं. बायको फोनवर रडायली आणि मालक कोल्हापुरात बसून ऐकायलाय, असलं कुणाला चालंल? तुमच्या ऑफिसात तुमच्या तोंडावर चोवीस तास कॅमेरा लावून घ्या, मग आमच्या लावा.

शिरोलीकर_दहाचाकी
दिले हो परत, त्याच दिवशी. ते लिहायचं राहिलं.

गूळ_आणि_गाडी
@नुसता_ड्रायव्हर भाऊ, तुमचा मुद्दा मानतो, पण मालकाची बाजूही आहे. गाडी चाळीस लाखांची, माल वेगळा. रात्री तीन वाजता ड्रायव्हर मोबाईलवर व्हिडिओ बघत चालवतोय हे कळायचं कसं? डिझेल कुठं निघालं? सगळे ड्रायव्हर तुमच्यासारखे असते तर प्रश्न नव्हता.

नुसता_ड्रायव्हर
डिझेल टाकीतनं निघतंय, माझ्या तोंडातनं न्हाय. टाकीला कुलूप लावा. आणि रात्री तीनला गाडी का पळवायची, हे पण कॅमेऱ्यात येतंय का बघा. सकाळी सातला चाकणला गेटवर पायजे म्हणून कोण फोन करतं?

तांबडा_पांढरा
इषय हार्ड.

फौंड्रीतली_डिस्पॅच
सकाळी सातला गेटवर पाहिजे म्हणून फोन करणारी मीच, म्हणून बोलते.

आमच्या कारखान्याचा माल नेणाऱ्या एका मोठ्या ट्रान्सपोर्टनं सगळ्या गाड्यांना फोर-जी सिमवाली चार कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली. समोर, मागे, डावीकडे आणि ड्रायव्हरवर. ती थेट २४ व्होल्टवर चालते. दोन फायदे झाले, एक ताप झाला. डावीकडचा कॅमेरा फार उपयोगी, कारण डावा कोपरा हा ट्रकचा आंधळा भाग आणि मोटरसायकली तिथूनच शिरतात. शिरोलीकरांची घटनाही डाव्याच बाजूची आहे बघा. दुसरा फायदा, गाडी कुठे अडकली ते कळतं म्हणून माझे फोन निम्म्यावर आले. ताप असा की ड्रायव्हरवरचा कॅमेरा डोळे मिटले की अलार्म देतो, पण काळा गॉगल घातला तरी देतो आणि मान वळवून आरशात बघितलं तरी देतो. दिवसभर बोंबलणाऱ्या यंत्राकडे शेवटी कुणीच बघत नाही. काही गाड्यांत त्याच्यावर पट्टी चिकटवलेली मी स्वतः पाहिली.

दोन गाड्यांसाठी एवढं काही लागत नाही. पण मागचा कॅमेरा घ्यायचा झाला तर कारचा घेऊ नका. हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत केबल पंधरा मीटरच्या पुढे जाते, आणि कारच्या सेटमधली केबल केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंतच पुरते. ट्रकच्या कॅमेऱ्याला चार पिनांचा, फिरवून आवळायचा कनेक्टर असतो, तो हादऱ्यानं निघत नाही. आणि फौंड्रीची वाळू बसते, ती रोज पुसावी लागते.

निपाणी_नाका
या धाग्यावर कुणी उसाच्या ट्रॉल्यांवर बोललं नाही म्हणून मी बोलतो. सीझन सुरू झाला की संध्याकाळनंतर एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला फूटभर बाहेर. समोरच्याच्या हेडलाईटनं डोळे दिपले की ट्रॉली दिसतच नाही. कॅमेऱ्यात तर अजिबात दिसत नाही. माझ्याकडं एक क्लिप आहे, तीत शेवटच्या क्षणापर्यंत समोर काळोख आणि मग अचानक उसाचे शेंडे.

उसाचं_कांडं
माझा ट्रॅक्टर आहे. सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना लाल रेडियम पट्टी आहे. पण उसाचा पाला खाली लोंबला की पट्टी झाकते, मग काय करणार? गोणपाटावर पट्टी शिवून ती मागं लटकवतो आम्ही. आणि हायवेला मधल्या लेनमधून साठच्या स्पीडनं जाणारे ट्रकवाले आम्हाला नियम शिकवणार व्हय?

तांबडा_पांढरा
धागा डॅशकॅमचा होता, आता कारखान्यावर चालला. काटा झाल्यावर परत या.

रात्रपाळी
निपाणी_नाकांच्या क्लिपवरनं आठवलं. रात्री नंबर प्लेट वाचता येत नाही ही तक्रार सगळेच करतात. नव्या एचएसआरपी प्लेटचा पत्राच परावर्तन करणारा आहे. आपला हेडलाईट पडला की कॅमेऱ्यात नुसता पांढरा चौकोन दिसतो. महागातला कॅमेरा थोडा सुधारतो, पण चमत्कार होत नाही.

त्यावर माझा जुना उपाय आहे. माईक चालू ठेवायचा आणि ड्रायव्हरनं नंबर मोठ्यानं बोलायचा. 'एमएच शून्य नऊ, पांढरी कार, डावीकडनं कट मारला.' डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला ऐकू येतं.

नुसता_ड्रायव्हर
हे पटलं. पण माईक म्हंजे परत तेच, घरचं बोलणं रेकॉर्ड.

रात्रपाळी
बऱ्याच कॅमेऱ्यांना माईकचं वेगळं बटण असतं. एरवी बंद, गरज पडली की ड्रायव्हरनं दाबायचं. बटण त्याच्या हाताशी येईल असा बसवायचा एवढंच.

वकील_आहे_पण
कायद्याचं कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

गाडीत स्वतःचा कॅमेरा लावायला परवानगी लागत नाही आणि मालवाहू ट्रकला तो सरसकट सक्तीचाही नाही. चालकाची नजर अडता कामा नये, एवढं बघा.

पुरावा म्हणून चालतो का? चालतो. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. क्लिपची कॉपी पेन ड्राईव्हवर दिली तर सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. कायद्यासोबत त्याचा नमुना जोडलेला आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, लिहायची असते. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं आणि त्याच्या मालकानं साक्ष दिली तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये जुन्या कलमाबद्दल अर्जुन खोतकर प्रकरणात सांगितलं होतं. जालन्याच्या निवडणुकीचा वाद होता तो. म्हणून व्यवहारातला सल्ला असा: अपघात झाला की कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर पुढचं रेकॉर्डिंग चढू देऊ नका, गाडीत दुसरं कार्ड घाला. पोलिसांनी मागितलं तर द्या, पण आधी कॉपी करा आणि जप्तीच्या पंचनाम्यात कार्डाची नोंद झाली का बघा. आणि व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप हा पुरावा समजू नका, ती दाबून लहान झालेली असते आणि मूळ तारीख-वेळेची माहितीही तिच्यातून जाते.

गर्दीची भीती खरी आहे, कायद्यालाही माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की जखमीला मदत करायची, जमावाच्या रागामुळे वगैरे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. ड्रायव्हरला हे पाठ करून ठेवायला सांगा. २०२४ च्या जानेवारीत ज्या कलमावरून ट्रकवाल्यांचा संप झाला, ते न्याय संहितेचं १०६ (२), म्हणजे अपघातानंतर न कळवता पळून जाण्याबद्दलचं कलम, नवे कायदे लागू करताना बाजूला ठेवलं. बाकीची कलमं मात्र लागू आहेत.

गूळ_आणि_गाडी
वकीलसाहेब, क्लिपवर आपला स्पीड छापून येतो. तो बंद ठेवावा का? आपल्याच गळ्यात यायचा.

वकील_आहे_पण
चार पदरी हायवेला मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा, इतर रस्त्यांना ६०. त्याच्या आत चालत असाल तर तो आकडा तुमचा सर्वात चांगला साक्षीदार आहे. बाहेर चालत असाल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. जीपीएस असलेला घ्या आणि चालू ठेवा. त्यानं घड्याळही बरोबर राहतं.

उचगावचा_वायरमन
घड्याळाचं बरं काढलंत. नवा कॅमेरा खोक्यातनं बऱ्याचदा चीनच्या वेळेवर येतो. तो आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. अपघात रात्री नऊला आणि क्लिपवर साडेअकरा, मग समोरचा वकील काय सोडंल? सेटिंगमध्ये टाईम झोन अधिक ५:३० करायचाच. मी बसवतो तेव्हा माझ्या मोबाईलशेजारी धरून मिनिट जुळवून देतो.

कार्डाचं कुणी बोललं नाही. साधं मोबाईलचं कार्ड घालू नका. दिवसभर लिहीत-पुसत राहिलं की ते काही महिन्यांत मरतं, आणि मेल्याचं कॅमेरा सांगतोच असं नाही, नुसता दिवा लुकलुकत राहतो. 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलं घ्या. १०८० वर ६४ जीबीत साधारण आठ-दहा तास मावतात, मग जुन्यावर नवं चढतं. पुण्याला जाऊन येताना माल उतरायला वेळ लागला तर ते कमी पडतं, म्हणून १२८ घ्या. महिन्यातनं एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा.

शिरोलीकर_दहाचाकी
सगळ्यांचे आभार. एवढी माहिती दुकानात फुकट मिळाली नसती, विकतही मिळाली नसती.

काल दहा चाकीला बसवला. एकच, पुढचा. जीपीएसवाला, कपॅसिटरचा, टू-के. आतला घेतला नाही. घ्यायचा की नाही हे ठरवायच्या आधी ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, 'मालक, पुढचा लावा, आणि त्याचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर कसं बघायचं तेवढं शिकवा. गर्दी जमली की तिथंच दाखवायला पाहिजे.' हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी कोर्ट आणि विमा धरून बसलो होतो. त्याला जागेवर, चावी काढून घ्यायच्या आत दाखवायचं होतं. वायफायवरनं क्लिप मोबाईलवर ओढायचं शिकवलं. पाच मिनिटांत शिकला, माझ्यापेक्षा लवकर.

आता अडचण एवढीच आहे. पुण्याला माल उतरवून गाडी रिकामी परत आली, तर कार्डात 'इमर्जन्सी' फोल्डर गच्च भरलंय. एकही अपघात नाही, नुसते खड्डे.

नुसता_ड्रायव्हर
रिकाम्या गाडीचे पाटे उशी घेत न्हाईत. डायव्हर्शनला आमचं टाळकं केबिनच्या टपाला लागतंय, कॅमेऱ्याला अपघात वाटणारच.

मोबाईलवर शिकवलं हे चांगलं केलं.

वकील_आहे_पण
जागेवर दाखवा, पण कार्ड कुणाच्या हातात देऊ नका म्हणावं. गर्दीतून कार्ड परत येत नाही.

उचगावचा_वायरमन
जी-सेन्सर, म्हणजे हादरा ओळखून फाइल लॉक करणारा भाग, 'लो' वर करा. तरी भरायलं तर बंदच करा. इमर्जन्सीतल्या फाइली बरेच कॅमेरे आपणहून पुसत नाहीत, त्यात जागा अडकली की चालू रेकॉर्डिंगला जागाच उरत नाही आणि लोकांना वाटतं कार्ड खराब झालं. खऱ्या अपघाताला ड्रायव्हरनं बटण दाबून फाइल लॉक करायची. कॅमेऱ्याला बटण कुठलं ते त्याला दाखवून ठेवा, त्याच्यावर लाल टिकली चिकटवा.

सहा चाकी कधी आणताय? सकाळी येरवाळी आणा, दुपारी काच तापली की टेप नीट बसत नाही.

शिरोलीकर_दहाचाकी
रविवारी बेळगावहून परत येईल. सोमवारी सकाळी सातला आणतो. हार्डवायर किट तुमच्याकडं मिळेल की मी घेऊन येऊ?

उचगावचा_वायरमन
माझ्याकडं २४ व्होल्टवालं आहे. तुम्ही फक्त कॅमेरा आणि कार्ड आणा. आणि ड्रायव्हरला थांबवा, चावी तुमच्या हातात देऊन तो घरी जातो आणि मग बटण कुठलं ते कुणाला शिकवू?